आधी काढा, मग रजा

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात तीनशेच्या वर बायका होत्या आणि औषधाची खोली एकच होती. खोली म्हणायची म्हणून. जिन्याखालच्या जागेला प्लायवूडची भिंत ठोकून दार बसवलेलं. आत एक लोखंडी पलंग, एक काचेचं कपाट, हात धुवायचं बेसिन आणि एक विजेची शेगडी. वर जिन्यावरून कुणी गेलं की पावलं डोक्यावर पडल्यासारखी वाजत. या खोलीत सहा वर्षं जी बाई बसत होती तिला सगळे औषधबाई म्हणत.

औषधबाई पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, पण हात खंबीर. शिकलेली नर्स ती नव्हती. बाळंतपणाच्या एका दवाखान्यात तिने चौदा वर्षं मदतनीस म्हणून काढली होती आणि प्रथमोपचाराचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. तेवढ्यावर ही नोकरी मिळाली. कपाटात मलमपट्टी, आयोडीन, डोकेदुखीच्या गोळ्या आणि भाजल्यावरचं मलम, एवढंच. बोटात सुई घुसली तर औषधबाई, चक्कर आली तर औषधबाई. पण तिच्या दाराशी येणाऱ्या दहा बायकांतल्या सहा पोट धरून यायच्या आणि त्यांच्यासाठी कपाटात काही नव्हतं. बायका आपसात म्हणायच्या, "या कारखान्यात पाळ्या तीन. पहिली, दुसरी आणि आपली. पहिल्या दोन साहेबांच्या, तिसरीला वाली नाही."

औषधबाईला ते बघवेना. एक दिवस तिने घरून बडीशेपेची बरणी आणि छोटा खलबत्ता आणला.

बडीशेप तिला दवाखान्यातल्या म्हाताऱ्या सुईणीने शिकवली होती. आख्खी टाकायची नाही, नुसतं पिवळं पाणी होतं. चमचाभर घ्यायची, ठेचायची, पेलाभर उकळत्या पाण्यात टाकायची आणि वर झाकण ठेवून दहा मिनिटं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग गाळून, कोमट असताना, घोट घोट. पाळीच्या कळा सैल पडतात, फुगलेलं पोट उतरतं, मळमळ बसते. पण सुईणीने त्याआधीचं एक शिकवलं होतं आणि तेच जास्त वेळा बजावलं होतं. "पेला हातात द्यायच्या आधी विचारायचं. तारखेला आली का? दुखतं कुठे, मधोमध की एकाच बाजूला? ओकारी आहे का? दिवस तर गेले नाहीत ना? उत्तर वेडंवाकडं आलं की पेला खाली ठेव आणि डॉक्टरला हाक मार."

पहिले काही महिने औषधबाई अगदी तसंच करायची. कुणी आलं की पलंगावर बसवायची, चारही प्रश्न विचारायची, मग बडीशेप ठेचायला घ्यायची. ठेचल्याचा आवाज ऐकूनच अर्ध्या जणींच्या जिवात जीव यायचा. काहींना खरंच बरं वाटायचं, काहींना कुणीतरी विचारलं म्हणून बरं वाटायचं. इस्त्री विभागातली एक ओली बाळंतीण यायची, तीन महिन्यांचं पोर आईपाशी ठेवून. तिने विचारलं, "बाई, याने दूध वाढतं म्हणतात, खरं का?"

"म्हणतात," औषधबाई म्हणाली. "मी शब्द देणार नाही. कधीतरी पेलाभर घेतलास तर तुझ्या पोटातला वारा सरेल, एवढं नक्की. दूध हवं तर पोराला छातीशी जास्त वेळ धर. आणि जेवत जा, नुसत्या चहावर राहू नकोस."

असं तिचं सरळ काम होतं. आणि मग ते साहेबांच्या डोळ्यावर आलं.

मॅनेजरसाहेब सहा वर्षांत जिन्याखाली कधी वाकून आले नव्हते. त्या दिवशी आले. हातात एक कागद.

"बाई, काय जादू केलीत? पोटदुखीच्या अर्ध्या दिवसाच्या रजा मागच्या महिन्यात एकतीस होत्या. या महिन्यात नऊ."

"जादू कसली, साहेब. बडीशेप आहे."

"बडीशेप," साहेब म्हणाले आणि हसले. "आम्ही इतकी वर्षं डोकं फोडतोय, आणि उत्तर स्वयंपाकघरात."

आठवडाभरात मोठी किटली आली, दोन थर्मास आले, पाच किलो बडीशेप आली. फोटो काढणारा आला. औषधबाईने त्या दिवशी पांढरा कोट इस्त्री विभागातून कडक करून घेतला होता आणि केस नीट बसवले होते. तिचा हातात पेला घेतलेला फोटो हजेरीच्या यंत्राशेजारी लागला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: औषधबाईंचा काढा.

घरी ती आणि तिची थोरली नणंद, दोघीच राहत. दोघींचेही नवरे गेलेले. एकीने भाजी चिरायची, दुसरीने फोडणी द्यायची, आणि तोंड दोघींनी चालवायचं, असा संसार. औषधबाईने फोटोची गोष्ट सांगितली ती जरा सहज सांगितल्यासारखी करून.

नणंदेने मान वर केली नाही. "वहिनी, सहा वर्षांत ज्याने तुमचं नाव विचारलं नाही, तो आज तुमचा फोटो लावतोय. जरा जपून."

"वन्सं, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही."

"चांगलं झालं तर बघीन की."

औषधबाई त्या रात्री तिच्याशी धड बोलली नाही. खरी गोष्ट ही की आयुष्यात पहिल्यांदाच तिचा फोटो कुठे लागला होता, आणि सकाळी आत शिरताना ती त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून रोज बघायची.

नियम नंतर आला. लेखी नाही. लाईनवरची सुपरवायझर एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "बाई, साहेबांनी सांगितलंय. पोट दुखतं म्हणून कुणी आली की आधी काढा, मग अर्धा तास पलंगावर, मग मशीनवर. तरी दुखलं तर परत काढा. त्यानंतर रजेचं बघू." सुपरवायझर स्वतः पंधरा वर्षं मशीनवर बसून वर आलेली, चाळिशीची बाई. तिच्या तोंडावर कसलाच भाव नव्हता. चार दिवसांनी फोटोखालच्या ओळीत भर पडली: आधी काढा, मग रजा.

औषधबाईला ते खटकलं, पण नाक मुरडण्यापलीकडे तिने काही केलं नाही. तसंही अर्धा तास पडायला मिळत होतं, तो आधी कुठे मिळत होता?

मग मोठी ऑर्डर आली, आणि एकेका सकाळी आठ-आठ, दहा-दहा जणी दाराशी उभ्या राहू लागल्या. ताजं ठेचून कुणाकुणाला करणार? सकाळीच किटली भरून उकळायची आणि थर्मासात ओतून ठेवायची. पलंग एक, म्हणून बाकीच्या जमिनीवर पाय दुमडून बसायच्या. चार प्रश्नांचे दोन झाले, दोनाचा एक झाला, आणि पुढे तोही राहिला. विचारायचं काय, सगळ्यांचं एकच, असं तिला वाटायला लागलं. थर्मासाचं झाकण फिरवलं, पेला भरला, पुढची.

एकदा ती बेसिनवर हात धूत होती तेव्हा प्लायवूडच्या भिंतीपलीकडे दोघी बोलताना तिने ऐकलं.

"औषधबाईकडे जाऊन ये ना."

"नको. पाणी पाजून परत पाठवेल."

औषधबाई नळ सोडून तशीच उभी राहिली. त्या दोघी निघून गेल्या तरी हात ओलेच होते.

बटणवाली आली ती एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास. काज-बटणाच्या मशीनवरची ही मुलगी, तेवीस-चोवीस वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा माल पोचवण्याच्या गाडीवर. एरवी बडबडी मुलगी. ती चालत आली नाही, भिंतीला धरून आली, आणि बेसिनपाशी पोचताच ओकली.

बऱ्याच दिवसांनी औषधबाईच्या तोंडून आपोआप प्रश्न बाहेर पडले. "तारीख आहे का गं तुझी?"

"नाही. दहा दिवसांपूर्वीच होऊन गेली."

"कुठे दुखतंय?"

मुलीने उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आत, मूठ दाबली. "इथे. एकदम आलं. लाटेसारखं येतंय."

"मधे नाही? एकाच बाजूला?"

"एकाच."

औषधबाईने थर्मास उचलला होता, तो खाली ठेवला. दवाखान्यात तिने अशी बाई पाहिली होती. नाव तिला सांगता आलं नसतं, पण ही पेल्याने जाणारी कळ नव्हे, हे तिला कळलं. तिने खिशातून रजेची चिठ्ठी काढली आणि लिहायला घेतली: ताबडतोब इस्पितळात.

चिठ्ठी घेऊन ती सुपरवायझरकडे गेली. सुपरवायझरने वाचली. "अर्धा तास झाला?"

"अगं, हिचं वेगळं आहे."

"सगळ्यांचंच वेगळं असतं, बाई. आज गाडी भरायची आहे. बटणावर मला दुसरी कोण आहे? मी माझ्या जबाबदारीवर सोडू शकत नाही, साहेबांना विचारा." आणि तिने फोन लावून हातात दिला.

साहेबांचा आवाज चिडका नव्हता. उलट मवाळ होता. "बाई, काढा दिलात?"

"नाही, साहेब. एका बाजूला दुखतंय, ओकली पण..."

"म्हणजे तुमच्याच काढ्यावर तुमचा विश्वास नाही? द्या तर खरा. अर्ध्या तासाने बोलू."

नंतर कितीदा तरी औषधबाईने हे बोलणं मनात घोळवलं. तिला म्हणता आलं असतं, साहेब, माझा नाही विश्वास. तिला मुलीच्या काखेत हात घालून फाटकाबाहेर जाता आलं असतं. पहारेकरी म्हातारा होता, त्याने अडवलं नसतं. पण त्या क्षणी तिला तोंडात मारल्यासारखं झालं. तुमच्याच काढ्यावर. ती परत खोलीत आली, चिठ्ठी खिशात घातली आणि पेला भरला.

मुलगी तो प्याली. अर्धा ओकला, अर्धा पोटात राहिला. मग ती भिंतीकडे तोंड करून गप पडली. अर्ध्या तासाने कळ थोडी ओसरली असावी, किंवा तिला भीती वाटली असावी. या महिन्यात तिच्या दोन रजा आधीच झाल्या होत्या. औषधबाईने विचारलं, "कसं वाटतंय?"

"जरा बरं आहे," ती म्हणाली.

औषधबाईने तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. वहीत लिहिलं: पोटदुखी. काढा दिला. आराम. आणि मुलीला उठायला हात दिला.

साडेबाराला बटणवाली मशीनवरून खाली कोसळली. सुई चालू होती, शर्टाच्या बाहीवर एकावर एक टाके पडत राहिले. कारखान्याच्या गाडीत खोकी भरलेली होती, ती उतरवेपर्यंत आणखी वेळ गेला. इस्पितळात औषधबाई तिच्याबरोबर होती. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं ते औषधबाईने मागे उभं राहून ऐकलं. अंडाशयावर गाठ होती. गाठीच्या वजनाने अंडाशयाला पीळ पडला, रक्तपुरवठा तुटला. पोट उघडलं तेव्हा ते काळं पडलेलं होतं, काढून टाकावं लागलं. दुसरं शाबूत आहे.

"लवकर आणली असती तर?" नवऱ्याने विचारलं.

"सांगता येत नाही. पण वाचलं असतं, अशी बरीच शक्यता होती. सकाळपासून दुखत होतं ना?"

नवरा औषधबाईकडे वळला. तिने मान खाली घातली.

चौकशी झाली. मुख्य कचेरीतून दोन माणसं आली, साहेबांच्या केबिनमध्ये बसली. साहेबांनी हात वर केले. "काढ्याची कल्पना बाईंची. आम्ही त्यांच्या अनुभवावर विसंबलो. वैद्यकीय निर्णय त्यांचा." अर्ध्या तासाचा नियम? असा नियम कुठेच लिहिलेला नव्हता. भिंतीवरचा फोटो तेवढा होता, आणि तो आदल्या दिवशीच उतरवला गेला होता. सुपरवायझरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला आठवत नाही." औषधबाईने फोनचं सांगितलं. एकाने वही पुढे ओढली आणि बोट ठेवलं. "अक्षर तुमचंच ना? आराम, असं लिहिलंय."

निकाल असा लागला की दोष कुणाचाच नाही. औषधबाईला ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. बटणवाली सात आठवडे आली नाही, म्हणून तिचं नाव हजेरीपटावरून कमी झालं.

औषधबाई तिला भेटायला गेली. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार मुलीच्या आईने उघडलं, काही न बोलता बाजूला झाली. मुलगी खिडकीशी बसून बाहीला टाके घालत होती, घरी आणलेलं काम. चेहरा उतरलेला, पण हात भराभर चालत होता.

"कशी आहेस?" औषधबाईने विचारलं.

"आहे."

"मी खूप सांगितलं गं त्यांना..."

"मला एवढंच सांगा," मुलगी म्हणाली, आणि तिने सुई कापडात खोचली. "तुम्ही मला दोनदा विचारलंत, कुठे दुखतंय, एकाच बाजूला का म्हणून. बाकी कुणाला तुम्ही हल्ली काही विचारत नव्हता. मलाच का विचारलंत?"

औषधबाईने कापडात खोचलेल्या सुईकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"मग पाजलंत कशाला?"

आई दारात उभी होती. खाली कुणीतरी गादी झोडपत होतं, त्याचे धपाधप आवाज येत होते. औषधबाईला साहेबांचा फोन सांगता आला असता. तिने सांगितला नाही.

"जाते मी," ती म्हणाली.

"आम्ही कामगार कार्यालयात अर्ज दिलाय," मुलगी म्हणाली. "तिथे हे सांगाल का? मला सांगितलंत तसं?"

औषधबाईने घरी येऊन नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेने विळी आडवी करून ठेवली. मग म्हणाली, "सांगितलंत तर नोकरी जाईल. नाही सांगितलंत तर मला तुमच्यासमोर बसून जेवायला जड जाईल. तुमचं तुम्ही बघा, वहिनी."

कामगार कार्यालयात एक तरुण अधिकारी बाई होती. तिने जबाब लिहून घेतला. मधेच पेन थांबवून म्हणाली, "नीट विचार करून सांगा. 'मला कळलं होतं', असंच लिहू? हे तुमच्याही विरुद्ध जातं."

"तसंच लिहा. मला कळलं होतं. चिठ्ठी मी लिहिली होती. फोनवर नको म्हणाले, आणि मी काढा दिला." तिने ती चुरगळलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. एवढे दिवस ती कोटाच्या खिशातच होती.

बाकावर पलीकडे मुलगी आणि तिचा नवरा बसले होते. नवऱ्याने मान हलवली. मुलीने हलवली नाही, आणि औषधबाईनेही तशी अपेक्षा धरली नाही.

दुसऱ्या आठवड्यात तिला कारखान्यातून काढलं. अर्जाचा निकाल अकरा महिन्यांनी लागला. मुलीला कामावर परत घ्या, असा हुकूम झाला. साहेबांची दुसऱ्या शाखेत बदली झाली, आणि ती बढती होती असं म्हणतात. मुलगी एक दिवस परत गेली, बटणाच्या मशीनसमोर बसली, आणि दुपारी उठून घरी आली. पुन्हा गेली नाही.

औषधाची खोली बंद झाली. वकिलांनी सांगितलं, यापुढे कुणाला काही प्यायला, खायला देऊ नका. ना काढा, ना पलंग. हे औषधबाईला सुपरवायझरने सांगितलं. भाजीबाजारात गाठ पडली तेव्हा ती आधी तोंड चुकवून पुढे गेली, आणि मग परत आली.

"आता तिथे बटणांची खोकी ठेवलीत," ती म्हणाली. "पोरी मशीनवरच वाकून बसतात. अर्धी रजा मागितली तर डॉक्टरचा कागद आणा म्हणतात. सगळ्या तुमच्या नावाने बोटं मोडतात, बाई. म्हणतात, खरं बोलली ती, आणि आमचा होता तेवढा पेलाही गेला."

"आणि तू काय म्हणतेस?"

सुपरवायझरने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी काय म्हणणार. मी घरून आणते थोडी, डब्यात लपवून. तुम्ही किती घालायचात पेल्याला?"

"चमचाभर. ठेचून. झाकून दहा मिनिटं." मग औषधबाई तिच्या जवळ सरकली. "पण आधी विचारत जा. कुठे दुखतं, तारीख आहे का, एका बाजूला आहे का."

"आणि आहे म्हणाली तर?" सुपरवायझर म्हणाली. "मग मी काय करू?"

सुपरवायझर उत्तरासाठी थांबली नाही. तिची बस लागली होती.

पुढे औषधबाईला म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात काम मिळालं. अंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, भरवायचं. औषधं द्यायला तिथे दुसरी नर्स आहे. तिथल्या तरुण मदतनीस मुली कधीमधी पोट धरून तिच्याकडे येतात, कारण कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की या बाई आधी औषधाचं काम करायच्या. ती हातातली चादर घडी करत राहते आणि त्यांना सरळ डॉक्टरकडे पाठवते. एकीने चिकाटीने विचारलं, "तुम्ही सांगा ना काहीतरी घरगुती. तुम्हाला कळतं म्हणे."

"नाही गं," औषधबाई म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही."